बाटिकची किरणं, कागदाची रेघ

ओमाहा, नेब्रास्का. ऑक्टोबरच्या मध्यावरचा शनिवार. एका होणाऱ्या नवरीसाठी मी नव्वद इंच लांब आणि तितकीच रुंद रजई शिवते आहे. नमुना ‘न्यूयॉर्क ब्यूटी’, कापड सगळं बाटिकचं. शिवण्याची पद्धत कागदाच्या पायावरची: छापील कागदाला कापड लावायचं, रेघेवरून टीप मारायची आणि काम झालं की कागद फाडून टाकायचा. बारा इंची ब्लॉक छत्तीस. प्रत्येक ब्लॉकवर पाव वर्तुळ आणि त्याच्या कमानीत टोकदार किरणं. चार ब्लॉक जुळले की एक पूर्ण सूर्य. असे नऊ सूर्य, आणि चहूबाजूंनी नऊ इंचांची किनार. असं काम कित्येक आठवडे चालतं. त्यातला हा एक दिवस.

पहाटे ५:३०

सुरुवात कागदापासून. बाहेर काळोख आहे आणि दिव्याच्या उजेडात रंग निवडायचे नाहीत, हा माझा नियम. पिवळट बल्बखाली मोरपंखी आणि गडद हिरवा एकमेकांत मिसळतात, जांभळा तपकिरीकडे झुकतो. तेव्हा उजाडेपर्यंतचा वेळ छपाईचा.

कमानीचा नकाशा अकरा बाय सतरा इंचांच्या पानावर मावतो. पहिलं पान बाहेर आलं की त्यावरचा एक इंचाचा चौकोन आधी पट्टीने मोजायचा. पानावर बसवण्यासाठी छपाईयंत्र नकाशा गुपचूप थोडा लहान करून टाकतं. डोळ्यांना तो फरक कळत नाही, रजईला कळतो. एका ब्लॉकमध्ये इंचाचा सोळावा भाग कमी पडला, तर सहा ब्लॉकांच्या ओळीत जवळजवळ एक सेंटिमीटर कमी पडतो आणि शेजारच्या ओळीशी शिवणी जुळत नाहीत. म्हणून सगळी पानं एकाच यंत्रावर, एकाच फाइलमधून काढते. छापलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढत नाही.

कागद पातळ, न्यूजप्रिंटच्या जातीचा. जाड कागद फाडताना टाके ओढले जातात. फार पातळ घेतला तर शिवतानाच फाटतो. सुईने पाडलेल्या भोकांवरून तो नेमका सुटायला हवा, इतपतच त्याचं बळ असावं.

चहा घेता घेता प्रत्येक कमानीवर पेन्सिलीने रंगांचे आकडे लिहिते. टीप मारायची ती छापील बाजूवरून, कापड असतं कागदाच्या पाठीला. त्यामुळे तयार चित्र नेहमी आरशातल्यासारखं उलटं येतं. कमानीचा आकार दोन्हीकडून सारखाच आहे, पण रंग सारखे नाहीत. पिवळ्यापासून डाळिंबीपर्यंत किरणं डावीकडून उजवीकडे गडद व्हायला हवी असतील, तर कागदावर ती उजवीकडून डावीकडे लिहावी लागतात. हे काम शांत डोक्याने, घर जागं व्हायच्या आधी होतं.

सकाळी ६:४५

कागद कापणं, मशीन मांडणं. जुन्या पात्याचा रोटरी कटर कागदाला, नव्या पात्याचा कापडाला. हे फिरतं, गोल पातं जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली बाजारात आणलं. त्याआधी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने कापला जायचा. आज एका फटक्यात चार थर सरळ कापले जातात.

मशीनमध्ये आज ८० नंबरची बारीक टोकाची सुई. कागदावर शिवणाऱ्या बऱ्याच जणी ९० नंबरची घेतात, कारण मोठी भोकं पडली की कागद सहज सुटतो. पण बाटिकचं कापड दाट विणीचं असतं. जाड सुईची भोकं त्यात राहून जातात. मी सुई बारीक ठेवते आणि टाका लहान करते: दीड मिलिमीटर, म्हणजे इंचाला सुमारे सतरा टाके. नेहमीच्या शिवणीला अडीच मिलिमीटर, इंचाला दहा टाके पुरतात. टाके इतके जवळ आले की कागदाला आपोआप फाडायची रेघ तयार होते, आणि कागद ओढताना शिवण ढिली पडत नाही. अर्थात अशी शिवण उसवायला वेळही दुपटीने लागतो. म्हणून प्रत्येक टीप मारण्याआधी तुकडा पालथा करून पाहणं हा इथला धर्म आहे.

दोरा सुती, बारीक, राखाडी. बाटिकच्या कुठल्याही रंगाशेजारी राखाडी दोरा दडून जातो. बॉबिन चार भरून ठेवते.

सकाळी ७:४५

उजेड आला. दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास हा.

एका भिंतीवर पांढरं फ्लॅनेल ताणून लावलेलं आहे. सुती तुकडा त्यावर नुसता दाबला तरी चिकटून राहतो, टाचणी लागत नाही. आज पाचव्या सूर्याचे रंग ठरवायचे आहेत. किरणांसाठी आमरसाचा पिवळा, केशरी, शेंदरी, डाळिंबी. किरणांच्या मधल्या जागेसाठी खोल निळे, मोरपंखी, जांभळे. बाहेरच्या कोपऱ्यांना रात्रीचा निळा.

बाटिकमध्ये ‘एक रंग’ असा नसतोच. वारभर शेंदरी कापड उलगडलं, तर एका टोकाला ते जवळजवळ पिवळं असतं, मधे लाल, आणि एखाद्या घडीत अचानक गुलाबीची झाक. कारण त्याच्या जन्मात आहे. आधी पांढरं सुती कापड एका फिक्या रंगात बुडवतात. मग त्यावर वितळलेल्या मेणाने नक्षी उठवतात. मेण जिथे बसलं तिथे पुढचा रंग शिरत नाही. नंतर गडद रंग देतात आणि उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मेणाखालचा फिका रंग नक्षी होऊन वर येतो. जावामध्ये मेण ओतायची लहान तोटीची लेखणी असते, तिला चांटिंग म्हणतात. तांब्याच्या पट्ट्या वाकवून केलेला ठसा म्हणजे चाप. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आला आणि काम झपाट्याने व्हायला लागलं. १९८०च्या दशकापासून अमेरिकन कंपन्या बालीतल्या कारागिरांकडून रजईसाठी खास सुती बाटिक करून घेऊ लागल्या. माझ्या कपाटातलं बहुतेक कापड त्या वाटेने आलेलं आहे. इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ती तारीख, २ ऑक्टोबर, तिथे दरवर्षी बाटिक दिन म्हणून साजरी होते.

मेणकरी माणसाच्या हाताने पडलेला प्रत्येक ठसा शेजारच्या ठशापेक्षा केसभर वेगळा असतो. कापड कापताना मी तो वेगळेपणा वापरते. एकाच वारातून आठ किरणं घेतली तरी पहिलं पिवळसर भागातून, शेवटचं लालसर भागातून. सूर्य एकाच कापडाचा असूनही एका बाजूने उजळत जातो.

बाटिकचा एक धोकाही आहे. त्यातले बरेच रंग ना गडद, ना फिके, मधलेच असतात. दोन मधले रंग शेजारी आले की टोकदार किरण पार्श्वभूमीत विरघळतं. रंग कितीही वेगळे असोत, डोळा आधी उजेड-अंधार पाहतो. म्हणून भिंतीचा फोनच्या कॅमेऱ्याने काळा-पांढरा फोटो काढते. आजच्या फोटोत केशरी किरण आणि हिरवट निळा तुकडा एकाच करड्या रंगाचे निघाले. हिरवट निळा काढला, त्याच्या जागी उज्जैनजवळच्या भैरवगढचं बाटिक लावलं. शिप्रेकाठच्या त्या वस्तीत छपाईचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. हे कापड गडद निळं, आणि त्यावर मेणाला तडे जाऊन रंग आत झिरपल्याच्या बारीक, वेड्यावाकड्या रेघा. बालीच्या कापडात या रेघा क्वचितच दिसतात. केशरी किरण त्यावर लगेच उठून आलं.

जावाच्या या कलेचं आणि भारताचं एक नातं शांतिनिकेतनातून आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली जावा आणि बालीला जाऊन आले, त्यानंतर बाटिक शांतिनिकेतनात रुजलं आणि पुढे साड्या, ओढण्या, पिशव्यांमधून घरोघर पोचलं. माझ्या पिढीच्या मराठी मुलींना बाटिक माहीत झालं ते त्या ओढण्यांमुळे.

सकाळी ९:००

कापड तयार करायचं. गडद निळं आणि डाळिंबी बाटिक मी न धुता वापरत नाही. मेण काढताना ते उकळत्या पाण्यातून गेलेलं असतं, तरी जादा रंग धाग्यात राहिलेला असू शकतो. आधी पांढऱ्या ओल्या फडक्याने एक कोपरा घासून पाहते. फडक्याला रंग लागला, तर ते कापड गार पाण्यात, सुटा रंग धरून ठेवणाऱ्या कागदासोबत, फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुते. नवरीला द्यायच्या रजईत पिवळ्या किरणावर निळा डाग यायला नको.

मग हलकी खळ आणि कोरडी इस्त्री. याच वेळी कराडजवळच्या गावाहून मावशीचा फोन येतो. तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. स्पीकरवर फोन ठेवून मी इस्त्री करत राहते.

“काय गं, बसलीस का मशीनवर?”

“बसतेच आता. तुझं काय चाललंय?”

“दसऱ्याला वाकळा धुतल्या सगळ्या. एकीचा कोपरा गेलाय, तो शिवत बसलेय. तू अजून त्या कागदावरच शिवतेस?”

“हो.”

“आणि मग फाडून टाकतेस?”

“हो गं मावशी.”

“मग शिवायचा कशाला?”

मी तिला सांगते. किरणाचं टोक इतकं निमुळतं असतं की तिथे कापड उरेब कापलं जातं. उरेब कापड हातात धरलं तरी ताणतं. कागद त्याला ताणू देत नाही. टीप रेघेवरच पडते, टोक टोकालाच येतं. 

ती थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, “म्हणजे आमच्या आतल्या जुन्या लुगड्यासारखं झालं. वरच्या चिंध्यांना तेच धरून ठेवतं. आमचं आत राहतं, तुझं निघून जातं, एवढंच.”

इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही. कागद येण्याआधी अमेरिकेतही असंच होतं. एकोणिसाव्या शतकातल्या ‘लॉग केबिन’ रजया जुन्या कापडाच्या पायावर पट्ट्या शिवून केलेल्या आहेत आणि तो पाया आतच राहायचा. मावशी वीत आणि बोटं यांनी मोजते, कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे जाते आणि तिच्या ओळी समांतर असतात. गोधडीला नकाशा नसतो, तिची अचूकता हातात मुरलेली असते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं आहे. ते पाहताना मला मावशीच्या हाताची किंमत नव्याने कळली होती.

“जेवून घे वेळेवर,” ती बजावते आणि फोन ठेवते.

सकाळी १०:००

आता शिवण. एका कमानीत आठ किरणं आणि त्यांच्या मधले नऊ तुकडे, एकूण सतरा. छत्तीस कमानींचे ६१२, शिवाय प्रत्येक ब्लॉकचा आतला पाकळीसारखा तुकडा आणि बाहेरचा कोपरा मिळून आणखी ७२.

पहिला तुकडा कागदाच्या कोऱ्या बाजूला, सुलट बाजू वर, गोंदाच्या एका ठिपक्याने चिकटवायचा. कागद उजेडासमोर धरून तो रेघेच्या चहूकडे पाव इंच तरी जास्त आहे ना, ते पाहायचं. पुढच्या रेघेवर जाड कार्ड ठेवून कागद मागे दुमडायचा, आणि कडेला ओठ असलेली खास पट्टी त्या दुमडीला टेकवून जादा कापड पाव इंचावर कापायचं. शिवणीची ही पाव इंचाची माया. आता दुसरा तुकडा, म्हणजे पहिलं किरण, त्या कापलेल्या कडेशी कड जुळवून पहिल्यावर पालथा ठेवायचा. कागद उलटायचा. छापील रेघेवरून टीप, दोन्ही टोकांना रेघेच्या दोन टाके पुढे. उलटून तुकडा उघडायचा आणि कोरड्या इस्त्रीने दाबायचा. वाफ अजिबात नाही, कारण वाफेने कागद आक्रसतो आणि छापलेलं माप बिघडतं. मग पुढची रेघ.

या कामात लोक सर्वांत जास्त अडखळतात ते सुलट-उलट बाजूंपाशी. कापड कागदाच्या मागे, टीप पुढून, तुकडा पालथा; छापील कापड असेल तर फिकट पाठ वर येते आणि सगळं उसवावं लागतं. बाटिकला दोन्ही बाजूंनी सारखाच रंग असतो, कारण ते रंगात बुडवून काढलेलं असतं. कागदावरच्या शिवणीसाठी यापेक्षा सोयीचं कापड नाही. दाट विणीमुळे दशाही कमी सुटतात, त्यामुळे निमुळत्या टोकाशी पाच-सहा थर एकत्र आले तरी ते नीटनेटके बसतात.

एकेक कमान पुरी करत बसत नाही. चार कागद शेजारी ठेवते, चौघांची पहिली टीप, मग चौघांची छाटणी, मग चौघांची इस्त्री. हात एकाच हालचालीत राहतो आणि लय लागते. मशीन, पट्टी, इस्त्री. खुर्ची न सोडता पोचता येईल अशी छोटी इस्त्रीची फळी मी डाव्या हाताला ठेवली आहे, पण दर अर्ध्या तासाने मुद्दाम उठते. मान आणि खांदे टिकले, तर ही कला टिकेल.

चौथ्या किरणापाशी सूर्य दिसायला लागतो. कागदाच्या पाठीवर काळ्या रेघा आणि आकडे, कापडाच्या बाजूने केशरातून डाळिंबात जाणारं काहीतरी. बाटिकचा रंग बेभान असतो. तो ढगाळ, पसरणारा, कडा न मानणारा. साध्या मोठ्या चौकोनांत लावला तर त्याचा नुसता गलबला होतो. सुईच्या टोकाइतकं नेमकं किरण त्याच्या कडेला उभं राहिलं की तोच रंग आतल्या आत पेटतो. कागदाच्या काटेकोर रेघेवर मी इतका वेळ घालवते, तो या रंगासाठी. मोजमाप चुकू नये ही माझी धडपड स्पर्धेतल्या परीक्षकांसाठी नाही. कुठल्या तरी कारागिराने गरम मेणाच्या कढईशेजारी उभं राहून आणलेला हा उजेड माझ्या शिवणीत मंदावू नये, यासाठी ती आहे.

दुपारी १२:३०

वरण-भात, कालची भेंडीची भाजी, ताक. मशीनच्या खोलीत अन्न न्यायचं नाही. जेवण झालं की हात साबणाने धुऊन, पुसून, मगच कापडाला लावायचे.

दुपारी १:१५

एक शेजारीण तिच्या आजीने अर्धवट सोडलेलं काम घेऊन आली आहे. आजी नेब्रास्कातल्याच एका शेतावर राहायची. षट्कोनी तुकड्यांच्या फुलांची चादर, ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ या नमुन्याची, १९३०च्या आसपास अमेरिकेत घरोघर शिवली गेली तशी. कागद इथेही आहे, पण पद्धत वेगळी. प्रत्येक षट्कोनी कागदावर कापड गुंडाळून कच्चा टाका घातलेला, आणि मग शेजारच्या कडा हातशिलाईने बारीक जोडलेल्या. ही इंग्लंडहून आलेली, जुनी रीत.

चादर उलटी केली आणि आम्ही दोघी वाचतच राहिलो. कागद अजून आतच आहेत. वर्तमानपत्राचे तुकडे, बियाण्यांच्या जाहिरातीतला एक टोमॅटो, पेन्सिलीने लिहिलेल्या पत्रातलं अर्धं वाक्य. तिला विचारायचं होतं की हे कागद काढून रजई पुरी करावी का.

मी तिला सांगितलं, घाई नको. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, काळाने पिवळा आणि ठिसूळ होतो आणि कापडाला डाग पाडतो, तेव्हा तो कायमचा आत ठेवणंही बरं नाही. पण या कागदांवरूनच अभ्यासक अशा कामाचा काळ ठरवतात. तारखेचा एखादा तुकडा सापडला, तर त्याआधी ते फूल शिवलेलं असू शकत नाही. म्हणून आधी प्रत्येक षट्कोनाचा फोटो, जागेचा क्रमांक, मग निर्णय. इथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, लिंकनमध्ये, नेब्रास्का विद्यापीठाचं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. १९९७ साली रॉबर्ट आणि आर्डिस जेम्स या दांपत्याने दिलेल्या संग्रहावर ते उभं राहिलं. तिथल्या माणसांचा सल्ला आधी घे, म्हटलं.

ती निघाली तेव्हा चादर मऊ जुन्या चादरीत गुंडाळलेली होती, घड्या न घालता.

दुपारी २:३०

वाकणाच्या शिवणी. चार कमानी तयार आहेत. प्रत्येकीला आत पाकळी आणि बाहेर कोपरा जोडायचा. एक कड आत वळलेली, दुसरी बाहेर. सरळ ठेवल्या तर जुळतच नाहीत. दोन्ही कडा अर्ध्यावर दुमडून मध्याची खूण करते. आधी मध्य टाचते, मग दोन टोकं, मग मधल्या जागा. टाचणी कागदावरच्या रेघेतून उभी घालते, म्हणजे रेघ कुठे आहे ते दोन्ही बाजूंनी कळतं. आत वळलेला तुकडा वर ठेवते, त्याच्या मायेत लहान चिरा देते आणि बोटांनी कापड अलगद सोडत शिवते. ओढायचं नाही, ढकलायचं नाही.

किरणाचं टोक या शिवणीवर येतं. टीप दोन धागे आत गेली, तर आठही टोकं कापली जातात आणि सूर्य बोथट होतो. दोन धागे बाहेर राहिली, तर टोक हवेत तरंगतं. इथे मी मशीनचा वेग अगदी कमी करते.

‘न्यूयॉर्क ब्यूटी’ हे नाव तसं उशिराचं. हा नमुना एकोणिसाव्या शतकापासून शिवला जातो, तेव्हा त्याला ‘रॉकी माउंटन रोड’, ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ अशी नावं होती. १९३०च्या सुमारास माउंटन मिस्ट नावाचा कापूस-थर विकणाऱ्या कंपनीने तो ‘न्यूयॉर्क ब्यूटी’ म्हणून प्रसिद्ध केला. ती कंपनी थराच्या वेष्टनावरच नमुने छापायची, आणि हजारो घरांत नमुना त्या वेष्टनावरून पोचायचा. तेव्हा मात्र अशी टोकं साच्यांवरून, हाताने जोडत. १९९४ साली कॅरल डोक यांचं मशीनवर कागदी पायाने शिवण्याचं पुस्तक आलं. तेव्हापासून ही रीत माझ्यासारख्या घरच्या शिवणाऱ्या बायकांच्या आवाक्यात आली.

दुपारी ४:३०

कागद काढायचा. ब्लॉक पालथा करून प्रत्येक टिपेवर कागद आधी दुमडून घेते, मग शिवणीवर अंगठा दाबून धरते आणि हळूच फाडते. सतरा टाक्यांची भोकं आपलं काम करतात. टोकाशी अडकलेले बारीक कण चिमट्याने. बाहेरच्या कडेच्या मायेतला कागद तेवढा ठेवते. शेजारचा ब्लॉक जोडेपर्यंत बाहेरची कड ताणू नये म्हणून. टोपली कागदाच्या कपट्यांनी भरते.

कागद गेला की ब्लॉक मऊ होतो. सकाळपासून तो पुठ्ठ्यागत करकरत होता. आता हातावर पडतो. शिवणी पाकळीच्या आणि कोपऱ्याच्या दिशेने दाबून इस्त्री करते, म्हणजे कमान सपाट राहते. मग साडेबारा इंचांच्या चौकोनी पट्टीखाली ठेवून चारही बाजू सारख्या करते. बारा इंच आणि दोन्ही बाजूंची माया.

संध्याकाळी ५:४५

सूर्य मावळायला तासभर आहे. पश्चिमेचा उजेड पिवळा झालेला, तेव्हा रंग ठरवायचे नाहीत, नुसतं पाहायचं. पाचव्या सूर्याचे चार ब्लॉक भिंतीवर जुळवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. शिवताना नाक कापडाला लागलेलं असतं, रजई कळते ती दहा पावलांवरून. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन रजया पलंगावरून उचलून भिंतींवर टांगल्या आणि आधुनिक चित्रांसारख्या पाहायला लावल्या. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या त्या रजया होत्या. त्या प्रदर्शनाने या कामाकडे बघायची नजर बदलली. तरी माझ्या मते रजई शेवटी पलंगावरच हवी. भिंतीवर ती थोडा वेळ तपासणीसाठी असते.

चारही पाकळ्यांची टोकं मध्यभागी एकमेकींना भिडतात. भैरवगढच्या निळ्याच्या तडकलेल्या रेघा आणि बालीच्या केशरीतले मेणाचे ठिपके शेजारी आले आहेत. दोन वेगळ्या देशांतल्या कारागिरांची ओळख होण्याची एरवी काही शक्यता नव्हती. सहाव्या सूर्यासाठी पिवळा थोडा कमी आणि गुलाबी जास्त घ्यायचा, असं भिंतीशेजारच्या वहीत लिहून ठेवते.

रात्री ८:००

मशीन बंद. रात्री हातशिलाई, तीही आधी पुऱ्या झालेल्या रजईची. ही बाळाची, लहान, तीसुद्धा बाटिकची. तिची कडेची पट्टी लावायची राहिली आहे. अडीच इंची पट्टी दुहेरी करून पुढून मशीनने शिवून घेतली आहे. आता ती मागे वळवून हेमिंगचा लपता टाका. दाट बाटिकमधून हाताची सुई सहज जात नाही. दहा नंबरची बारीक सुई आणि बोटात अंगुस्तान, त्याशिवाय तासाभरात बोटाचं टोक हुळहुळतं. इथे गती नको, एकसारखेपणा हवा.

पट्टी पुरी झाली की शेवटचं काम लेबलचं. पांढऱ्या कापडाचा चौकोन, न पुसणाऱ्या शाईचं पेन. शिवणारीचं नाव, गाव, वर्ष, कोणासाठी शिवली ते, आणि कापडाचं मूळ: सुती बाटिक, बाली आणि उज्जैन. खाली धुण्याची सूचना: पहिल्यांदा गार पाण्यात, एकटी धुवावी, सावलीत वाळवावी. अक्षर मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहिते.

लिंकनच्या संग्रहालयात रजयांच्या खालच्या पाट्या वाचत फिरलं, की कितीतरी ठिकाणी शिवणारीचं नाव अज्ञात म्हणून लिहिलेलं असतं. नमुन्याचं नाव आहे, काळ आहे, राज्य आहे, आणि जिने शेकडो तुकडे जोडले तीच नाही. मावशीच्या एकाही गोधडीवर तिचं नाव नाही. भैरवगढच्या निळ्या कापडावर ते रंगवणाऱ्याचं नाव नाही, बालीच्या केशरीवरही नाही. दुपारच्या त्या आजीची ओळख सांगायला तिच्या षट्कोनांत निदान एक टोमॅटो आणि अर्धं वाक्य शिल्लक आहे. माझा कागद मी स्वतः फाडून टाकते, तेव्हा माझ्या कामाच्या आत कुठलाही पुरावा राहत नाही. म्हणून लेबल. ते चारही बाजूंनी रजईच्या मागच्या थरात आरपार शिवते, नुसतं चिकटवत नाही. दिवसभर टोकाला टोक जुळवण्यासाठी जेवढी काळजी घेते, तेवढीच या चार ओळींसाठी घेते. रजई शिवणारी प्रत्येक बाई हे करो, गोधडी शिवणारीही. येत्या वेळी गावी गेले की मावशीच्या वाकळांना मी स्वतः तिचं नाव शिवून देणार आहे. फोनवर तिला हे सांगितलं नाही, कारण ती नको म्हणेल. समोर बसून सुई-दोरा हातात घेतला, की नाही म्हणणार नाही.

रात्री ९:३०

मशीनखालचा कागदाचा भुसा ब्रशने काढते. बॉबिनच्या खाचेत तो साचला, तर उद्याचा टाका बिघडेल. कागद शिवून सुई बोथट झाली आहे, ती बदलते. कटरचं पातं बंद करते. उद्याचं काम वहीत लिहिलेलं आहे: सहावा सूर्य, चार कमानी, गुलाबी कापडाची रंग सुटण्याची परीक्षा, आणि उजेड आल्यावरच निवड.